लाकडी झेंडे : एकतिसाव्या नगापर्यंत

मागची नोंद नवव्या नगावर थांबली होती. आज एकतिसावा क्लॅम्पमध्ये आहे. बाहेर सकाळपासून झड लागलीय, म्हणजे रंगकाम बंद, म्हणून लिहायला बसलो.

नवीन मंडळींसाठी दोन ओळी. मी नांदेडला शाळेत शिकवतो आणि घरामागच्या दहा बाय बाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीवर लावायचे लाकडी झेंडे करतो. तिरंगा, भगवा, पंचशील. पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून पाट करायचा, ग्राइंडरने त्यावर वाऱ्याच्या लाटा कोरायच्या, घासायचं, रंगवायचं. कल्पना माझी नाही. अमेरिकेतले हौशी सुतार त्यांचा झेंडा असाच करतात, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यांच्या झेंड्यात तेरा पट्टे, म्हणून तेरा पट्ट्या, झालं. मीही तेच बघून सुरुवात केली, आणि पहिले सहा नग त्यांचंच अनुकरण करण्यात वाया घालवले.

आपल्या तिरंग्याचं गणित मला सुरुवातीला फारच आवडलं होतं. लांबी-उंची ३:२. ध्वजसंहितेतल्या मापांपैकी ९०० बाय ६०० मिमी भिंतीला शोभतं, आणि त्या मापाला चक्र १८५ मिमीचं. ६०० मध्ये ४० मिमीच्या १५ पट्ट्या, प्रत्येक रंगाला पाच. पांढरा पट्टा २०० चा, चक्र १८५ चं, वर-खाली साडेसात-साडेसात मिमी जागा. कागदावर इतकं चपखल बसलं की त्या रात्री खुशीत झोपलो. सकाळी पट्ट्या कापल्या, कडांवर रंधा मारला, चिकटवल्या आणि मोजलं तर ५९४. रंध्याने प्रत्येक पट्टीतून अर्ध्याला थोडा कमी मिमी खाल्ला होता, पंधरा पट्ट्यांत सहा मिमी गेले. मग लांबी ८९१ करून प्रमाण सांभाळलं. आता ४१ ला कापतो आणि रंध्याने ४० वर आणतो.

लाकूड. इथे मला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त सांगायचं आहे. आपल्याकडे सागवान म्हटलं की बाकीचं लाकूड लाकूडच नाही. जिल्ह्यात किनवट-माहूरचं जंगल, त्यातून गावोगाव जुनी माळवदं पाडून स्लॅब टाकायचं चाललंय, त्यामुळे भंगारवाल्याकडे जुन्या सागाच्या तुळया आणि दारांच्या चौकटी मिळतात. मी पहिला तिरंगा त्याच सागाचा केला. केशरी रंग दिला तर विटकरी दिसायला लागला. हिरवा शेवाळासारखा. पांढऱ्याचं तर विचारूच नका, तीन हातांनंतरही खालचा तपकिरी डोकावतोच. मुळात साग तेलकट, त्यावर पाण्याचा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, धड बसत नाही.

रंग पडताळायला आपल्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचा एक छोटा खादीचा झेंडा आणला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, राष्ट्रध्वज जिथे शिवले जातात अशा मोजक्या जागांपैकी एक आपल्या नांदेडात आहे. तो झेंडा सागाच्या पाटाशेजारी धरला आणि पाट तसाच उलटा करून ठेवला. आज त्यावर बायको पापड लाटते.

तिरंग्याला पाइन. कंपन्यांत माल येतो त्या पॅलेटचं. फिकट, हलकं, रंग जसा दिला तसा दिसतो. पॅलेट घेताना त्यावरचा शिक्का वाचा. एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवून कीडमुक्त केलंय, बिनधास्त घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका, चुलीत तर अजिबात घालू नका. आमचा भंगारवाला दोन्ही एकाच ढिगात टाकतो आणि मी खाली बसून शिक्के वाचायला लागलो की म्हणतो, "सर, पेपर तपासायलाव का?"

सागाचं जुनं लाकूड मात्र भगव्याला. तेही रंग न देता. याकडे मी वळलो ते मिस्त्रींमुळे. आमच्या गल्लीत एक वयस्कर मिस्त्री आहेत, आता काम कमी करतात, पण संध्याकाळी शेडपाशी येऊन उभे राहतात. व्हिडिओत सगळे गॅसच्या टॉर्चने लाकूड वरून जाळतात, मग घासतात. मऊ भाग आत जातो, रेषा उठून दिसतात, छान जुनाट दिसतं. मी आठव्या नगावर, रंगवून झालेल्या तिरंग्याच्या कडांवर टॉर्च पेटवायच्या बेतात होतो. मिस्त्री म्हणाले, "सर, काय करायलाव?"

"कडा जाळतो. जुना दिसतो."

"झेंडा जाळायलाव?"

मी टॉर्च बंद केला. त्या रात्री १९७१ चा, राष्ट्रध्वजाच्या अवमानाबद्दलचा कायदा काढून वाचला. ध्वजसंहितेत झेंड्याचं कापड सुती, पॉलिएस्टर, लोकरी, रेशमी किंवा खादी सांगितलंय. लाकूड त्यात नाही, म्हणजे माझा नग हा फडकवायचा ध्वज नव्हे, हे मला माहीत होतं. पण कायद्यात राष्ट्रध्वज म्हणजे त्याची कुठलीही दृश्य प्रतिकृती, ती कुठल्याही वस्तूची असो. आणि लोकांच्या नजरेसमोर तो जाळणं, विद्रूप करणं हा गुन्हा. माझी शेड रस्त्यावर उघडी. कायद्याचं सोडा, मिस्त्रींनी ज्या आवाजात विचारलं त्यानेच माझं काम झालं. तिरंग्यावर टॉर्च नाही. कोऱ्या पट्ट्यासुद्धा जाळून मग रंगवत नाही, कारण काळपट तिरंगा दिसायलाही बरा नाही. अमेरिकेतले लोक त्यांचा झेंडा युद्धातून आल्यासारखा करतात, त्यांना ते आवडत असेल.

टॉर्चची सगळी हौस सागाच्या भगव्यावर भागवतो. जुना साग हलका जाळून पितळी तारेच्या ब्रशने घासला की खालून कावेसारखा तांबूस रंग येतो, वर तेल दिलं की मावळतीच्या उन्हात अक्षरशः पेटतो. झेंड्याचा आकार दोन टोकांचा, देवळाच्या शिखरावर असतो तसा. सागातले खिळे आधी लोहचुंबकाने शोधा. मी शोधले नाहीत आणि करवतीचं नवं पातं तिसऱ्याच कापात गेलं. माळवदाच्या तुळईत एवढे खिळे कोणी आणि कशाला मारले असतील?

तेलाचीही एक गंमत झाली. व्हिडिओत लिनसीड ऑइल म्हणतात, म्हणजे जवस, म्हणजे आपल्या घरचंच. घाण्यावरून लिटरभर काढून आणलं आणि तीन भगव्यांना चोळलं. तीन आठवडे झाले तरी चिकट. धूळ, भुसा, एक गांधीलमाशी, सगळं त्यावर. कच्चं जवस तेल सुकायला फार वेळ घेतं, ते उकळून सुकवणारी द्रव्यं घातलेलं डबाबंद मिळतं तेच लागतं. आणि तेलाने माखलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. मी दोरीवर एकेक पसरून वाळवतो, मगच टाकतो.

आता चक्र. चोवीस आरे, दोघांमध्ये १५ अंश. पहिल्या दोन नगांवर हाताने आखलं आणि कंपासचा प्रत्येक अर्धा अंश शेवटच्या आऱ्यापाशी जमा होऊन बसला. मग गाडीच्या नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून स्टेन्सिल कापून घेतलं, साठ रुपये. त्यात दोन अडचणी आल्या. एक, लाटेवर चिकटवलं की चक्र अंडाकृती होतं. म्हणून आता मधला २०० मिमीचा भाग सपाट ठेवतो आणि लाटा त्याच्या दोन्ही बाजूंना सुरू करतो. दोन, निळा रंग पाइनच्या रेषांतून पळतो आणि आऱ्यांना मिशा फुटतात. याला उपाय असा: पांढऱ्यावर आधी सीलर, मग स्टेन्सिल दाबून बसवायचं, त्याच्यावरून पुन्हा पारदर्शक सीलरचा पातळ हात, तो वाळला की मग निळा. रेडियमच्या कडेखाली जी काही फट असेल ती सीलरनेच भरून निघते, निळ्याला जागाच राहत नाही. काढताना घाई नको. अठराव्या नगावर दोन आऱ्यांमधली बारीक पट्टी निघून आली आणि दोन आरे एक झाले. तेव्हापासून प्रत्येक चक्र पॉलिशच्या आधी मोठ्याने मोजतो. मुलगी आतून ओरडते, "बाबा, झाले का चोवीस?"

पांढऱ्यावर तेलाचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारू नका, सहा महिन्यांत साय धरल्यासारखं पिवळं दिसतं. पाण्याचं पीयू महाग आहे, पण तेच घ्या.

पंचशीलच्या ऑर्डरी १४ एप्रिलच्या आधी आल्या, एका विहारासाठी एक आणि घरांसाठी चार. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच उभे पट्टे आणि सहाव्यात तेच पाच रंग वरून खाली. सहावा पट्टा आडव्या तुकड्यांनी करायचा मोह होतो. करू नका. शेजारच्या पट्ट्याचे धागे उभे आणि याचे आडवे झाले की लाकूड दोन दिशांनी ओढतं. पाचही तुकडे उभ्या धाग्यांचेच कापले. त्यांची डोकी एकमेकांना नीट चिकटत नाहीत, पण बाजू शेजारच्या पट्ट्याला घट्ट चिकटते आणि तेवढं पुरतं. पाचही झेंडे अजून शाबूत आहेत.

हे ओढणं म्हणजे काय ते मला चौथ्या नगाने शिकवलं होतं. ऑगस्टात केला, पाठीला पूर्ण प्लाय फेव्हिकॉलने चिकटवला, गिऱ्हाईक खूश. एप्रिलात त्यांचा फोन. पारा बेचाळीसला, लाकूड वाळून आकसलं, प्लाय जागचा हलेना, आणि बरोबर पांढऱ्या-हिरव्याच्या मध्ये तडा. परत आणून नवा करून दिला. आता पाठीला दोन उभ्या पट्ट्या, त्यांना लांबट भोकं, त्यातून स्क्रू. लाकडाला हलायला जागा राहते. हूक फक्त केशरी वर राहील अशाच बाजूला लावतो. उभा टांगायचा असेल तर केशरी बघणाऱ्याच्या डाव्या हाताला यायला हवा. तसं कोणी सांगितलं तर हूक त्याप्रमाणे, पण दोन्हीकडे हूक देत नाही.

विक्रीचं थोडक्यात. एका ९०० च्या तिरंग्याला पॅलेट ४००, पाठीचं सामान १५०, रंग-सीलर-पीयू ३५०, रेडियम ६०, फ्लॅप डिस्क (ग्राइंडरची घासायची चकती) आणि पॉलिश पेपर १५०, पॅकिंग १२०. झाले १,२३०. विकलेला पहिला मी सहकाऱ्याला ११०० ला दिला आणि वर चहा पाजला. आता ३,२०० घेतो. नऊ तास लागतात, लाईट गेली तर दोन दिवस. जानेवारी आणि ऑगस्ट तर आहेतच, पण आपल्याकडे तिसरा हंगाम आहे तो १७ सप्टेंबरचा. बाहेरच्यांना सांगावं लागतं की १९४७ ला इथे निजामाचं राज्य होतं आणि मराठवाडा मोकळा झाला तो १९४८ च्या सप्टेंबरात. गेल्या वर्षी त्या आठवड्यात पाच नग गेले. त्यातला एक ऐंशीच्या पुढच्या एका आजोबांनी घेतला. त्यांनी भाव केला नाही, चक्रावर बोट ठेवून आरे मोजले आणि पैसे दिले.

नाही म्हटलेल्या ऑर्डरीही सांगतो, तुम्हालाही येतील. एका भावी नगरसेवकाला खाली 'सौजन्य' आणि आपलं नाव हवं होतं. झेंड्यावर अक्षर लिहिता येत नाही, हे संहितेतच आहे. ते म्हणाले, मग मागून लिहा. मागूनही नाही. एकाला चक्राच्या जागी घड्याळ हवं होतं. एकाला टीपॉय. म्हणजे तिरंग्यावर चहाचे कप. मी म्हटलं, भगव्याचा करू का? तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. निशाण साहिबची, म्हणजे शिखांच्या धर्मध्वजाची, विचारणा गुरुद्वाऱ्याजवळच्या एका घरातून आली आहे. रंग आणि खंड्याचं (त्यावरच्या शस्त्रांच्या चिन्हाचं) माप मी ठरवणार नाही, त्यांनीच कापडाचा तुकडा आणून दिलाय. पावसाळा संपला की तो हातात घेईन.

पावसाळ्यात पॉलिशची घाई करू नका. सत्ताविसावा नग हाताला कोरडा लागला म्हणून दोन दिवसांत बबल रॅपमध्ये गुंडाळला. गिऱ्हाइकाने उघडला तर संपूर्ण झेंड्यावर गोल गोल ठसे, गव्हावर गारा पडल्यासारखे. आता आठ दिवस थांबतो, आधी सुती कापड, त्यावर पुठ्ठा, आणि बबल शेवटी.

एकतिसावा भगवा आहे, मुखेडकडच्या एका माळवदाच्या चौकटीचा. एका पट्टीत कडीचं जुनं भोक आलंय. बुजवायचं की ठेवायचं यावर मिस्त्रींचं आणि माझं दुपारपासून चाललंय. ते म्हणतात बुजवा, गिऱ्हाईक किडकं समजेल. मी म्हणतो राहू द्या. तुम्ही काय केलं असतं ते सांगा, फेव्हिकॉल उद्या सकाळपर्यंत सुकेल, तोवर वेळ आहे.