हिरवे रविवार

रविवार, २० जुलै २०२५

रात्रभर पाऊस. सकाळी मिस्सेला (चर्चमधली उपासना; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) निघालो तेव्हा वाडीतला पाट कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. आईंना रिक्षात बसवून दिलं, मी आणि धाकटी चालत गेलो. देवळात बरीच बाकं रिकामी होती. नाताळच्या मध्यरात्री याच देवळाच्या पटांगणात मांडवाबाहेर उभं राहायलाही जागा नसते.

फादर हिरवा झगा घालून वेदीवर आले. सामान्य काळातला सोळावा रविवार. देवळातल्या वर्षात प्रत्येक काळाचा रंग ठरलेला. नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ जांभळे, नाताळ आणि ईस्टर पांढरे, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) आणि हुतात्म्यांचे सण लाल. हे सगळं वजा जाता जे ३३-३४ आठवडे उरतात, ते हिरवे. यंदा पेंटेकॉस्ट ८ जूनला झाला. पुढचे तीन रविवार पवित्र त्रैक्य, ख्रिस्तशरीराचा सण आणि पेत्र-पौलाचा सण यांत गेले, आणि ६ जुलैपासून हिरवा सुरू झाला. मधले थोडे रविवार सोडले तर ख्रिस्तराजाच्या सणापर्यंत, म्हणजे नोव्हेंबर सरत येईपर्यंत, तोच चालणार.

लहानपणी मला हे महिने नुसते लांबलेले वाटायचे. सण नाही, नवे कपडे नाहीत, फुगे-सांदणांसारखे सणाचे पदार्थ नाहीत. शिकवणीच्या वर्गातल्या सिस्टर फळ्यावर वर्षाचं चक्र काढायच्या आणि त्यातला हिरवा भाग रंगवता रंगवता खडू झिजायचा. लग्न होऊन वाडीत आले, चिखलात हात घातले, तेव्हा हा रंग जवळचा झाला. हे चक्र ठरलं ते भूमध्य समुद्राकाठी. तिकडे ईस्टर येतो तो वसंतात, कोंब फुटायच्या दिवसांत. आमचा ईस्टर येतो तेव्हा विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असतं आणि केळीची पानं कडेनं करपलेली असतात. आमच्याकडे कोंब फुटतात ते आत्ता, फादर हिरवा झगा घालतात तेव्हा. हे कुणी मुद्दाम जुळवलेलं नाही. पण वसईतल्या माणसानं ते देवाचं देणं म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही असं मला मनापासून वाटतं, आणि मी घेते.

आजचं शुभवर्तमान (बायबलमधलं येशूच्या चरित्राचं वाचन) लूकचं, मार्था आणि मरिया या बहिणींचं. येशू घरी येतो, मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकते, मार्था एकटी राबते आणि शेवटी न राहवून बोलते, 'हिला सांगा ना मला मदत करायला.' येशू तिला म्हणतो, तू किती गोष्टींची काळजी वाहतेस. गरज एकाचीच आहे, आणि मरियेनं तो चांगला वाटा निवडलाय. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं, त्यामुळे हे वाचन रविवारी पुन्हा कानावर पडेल ते २०२८ च्या जुलैत.

घरी येताना धाकटीनं विचारलं, 'मार्थानं स्वयंपाक केला नसता तर येशू जेवला काय असता?' मी तिला पहिल्या वाचनाची आठवण दिली. त्यात अब्राहाम भर उन्हात तंबूच्या दाराशी बसलेला असतो, तीन पाहुणे दिसतात आणि हा म्हातारा माणूस धावत सुटतो. पाय धुवायला पाणी, भाकरी, कोवळं वासरू. त्याला कुणी बोल लावत नाही. उलट त्या धावपळीतूनच म्हाताऱ्या सारेला मुलगा होण्याचं वचन मिळतं. म्हणजे राबण्यात खोट नाही. मार्थाचं चुकलं असेल तर एवढंच, की हात कामात होते आणि मन बहिणीचा हिशेब मांडत होतं. पुढे योहानाच्या शुभवर्तमानात भाऊ लाजरस मेल्यावर येशूला गाठायला घरातून पहिली निघते ती हीच मार्था, आणि 'तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस' हे ती भरल्या दुःखात बोलते. कामकऱ्या बाईची श्रद्धा कमी असते असं ज्यांना वाटतं त्यांनी तो अकरावा अध्याय वाचावा.

मला हे इतकं लागतं याचं कारण माझा दिवस. पहाटे उठायचं, सोनचाफ्याच्या कळ्या पूर्ण उमलायच्या आत काढायच्या, ओल्या फडक्यात ठेवून करंडी भरायची. हे ती घेऊन लोकलनं दादरला फुलबाजारात जातात. मग आईंचं औषध, मुलींचे डबे, भाजीच्या जुड्या, पावसानं आडव्या झालेल्या केळींना टेकू. प्रार्थनेला वेगळी वेळ काढायची म्हटली तर ती रात्रीच सापडते, आणि रात्री डोळे मिटतात. म्हणून मी कळ्या काढतानाच नमो मरिया म्हणते. एका झाडाला साधारण एक दशक, म्हणजे दहा वेळा. चाफ्याची फांदी ठिसूळ असते, जोरानं ओढली की मोडते, त्यामुळे हात आपोआप सावकाश चालतो आणि ओठही.

संध्याकाळची जपमाळ मात्र घरी सगळ्यांनी एकत्र. वेदीपुढे दिवा, मागच्या भिंतीवर क्रूस आणि त्याच्यामागे खोचलेला झावळीचा क्रूस. तो आई दर झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आठवडाभर आधी, स्वतः वळतात. माडाची कोवळी पात घेतात, नखानं मधली शीर काढतात, दोन घड्या आडव्या, एक उभी, आणि टोक असं आत सरकवतात की गाठ दिसत नाही. मी कितीदा बघितलं तरी ते टोक कुठे जातं ते मला अजून कळलेलं नाही. पुढच्या वर्षी भस्म बुधवारच्या, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या, आधी ते वाळलेले क्रूस देवळात जमा होतात, जाळतात, आणि त्यांचीच राख कपाळावर येते. 'तू माती आहेस आणि मातीला मिळशील.' आईंनी लहानपणी हे लॅटिनमध्ये ऐकलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली तेव्हा त्या तरुण होत्या. त्या म्हणतात, आधी देव दूरचा वाटायचा आणि नंतर तो आपल्या अंगणात बोलायला लागला.

शुक्रवार, २५ जुलै

आज संत याकोबाचा सण, म्हणजे आगाशीच्या देवळाचा. आणि आजच फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना जाऊन एक वर्ष झालं.

उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून २०२० मध्ये महाराष्ट्रानं त्यांना पाहिलं. आम्हाला ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते, 'सुवार्ता' मासिकाच्या पानांतून आणि हरित वसई चळवळीच्या मोर्च्यांतून. वसईची हिरवळ, विहिरी, बावखलं (वाड्यांतली पाणी साठवणारी तळी) वाचवणं हे ख्रिस्ती माणसाच्या धर्मातच येतं, हे त्यांनी मोर्च्यात उतरून दाखवलं. पोप फ्रान्सिस यांचं पृथ्वीच्या काळजीविषयीचं परिपत्रक २०१५ चं. आमच्या फादरांनी त्याच्या पंचवीस वर्षं आधी तेच रस्त्यावर आणलं होतं.

आमच्या बावखलात या पावसानं काठोकाठ पाणी आहे. शेजारच्या दोन वाड्यांची बावखलं बुजली, तिथे आता फरशी आहे आणि पाणी आमच्या अंगणात शिरतं. हे सकाळी बावखलातला गाळ आणि जलपर्णी काढत होते. दुपारी मी विचारलं, आज मिस्सेला जायचं राहिलं का? म्हणाले, 'फादरांसाठी हेच केलं.' मी काही बोलले नाही, पण मला ते पटलं. संध्याकाळी मात्र दोघं जाऊन आलो.

शनिवार, ३० ऑगस्ट

गणपतीचे दिवस. चाफ्याला वर्षातला सगळ्यात चांगला भाव आत्ता मिळतो, त्यामुळे घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नाही. आमच्या झाडाची फुलं कुणाकुणाच्या मखरात गेली असतील. आणि आजपासून मरियेच्या जन्माच्या सणाची, ८ सप्टेंबरची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू झाली. धाकटी तिच्या वाटच्या फुलांची ओंजळ घेऊन रोज देवळात जाणार. 'भाव चढलाय, थोडी कमी ने' असं मोठीनं तिला म्हटलं तर आई एकदम म्हणाल्या, 'आईच्या वाढदिवसाला भाव बघतात का ग?' विषय संपला.

नवं भात आणि मरियेचा सण हे दोन्ही आमच्याकडे एकाच सुमाराला येतं. मुंबईकडच्या ईस्ट इंडियन (तिथल्या मूळ ख्रिस्ती लोकांच्या) वाड्यांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो, भाताच्या कणसांना देवळात आशीर्वाद मिळतो. माझी मावशी उत्तनला आहे. तिच्या दाराला ती आशीर्वादाची कणसं वर्षभर टांगलेली असतात.

रविवार, २ नोव्हेंबर

मृत भाविकांचा दिवस यंदा रविवारी आला, त्यामुळे हिरव्याच्या जागी जांभळा. असं मागे २०१४ मध्ये झालं होतं, आता २०३१ मध्ये होईल. आई म्हणाल्या, 'तेव्हा माझ्यासाठी या.' त्यांनी ते अगदी सरळ सांगितलं. सकाळी कपडे धुवायला घालताना सांगावं तसं.

काल दुपारीच जाऊन सासऱ्यांची कबर साफ केली. ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत पडलेल्या पावसानं गवत गुडघाभर वाढलं होतं. ह्यांनी विळ्यानं कापलं, मी दगड घासला, मुलींनी झेंडू आणि चाफा मांडला. आज मिस्सेनंतर फादर ओळीओळीतून पवित्र पाणी शिंपडत फिरले. संपूर्ण दफनभूमीभर माणसं आपापल्या कबरीपाशी उभी होती, मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या आणि जो तो शेजारच्याच्या मेणबत्तीवरून पेटवून घेत होता. ज्यांचं आता कुणी उरलं नाही अशा कबरींवरही कुणीतरी फुलं ठेवली होती. धाकटीनं तिच्याकडची उरलेली तिथेच वाटली.

सासरे गेले ते जुलैतच, अशाच एका हिरव्या आठवड्यात. तेव्हा मला चुटपुट लागली होती, की नाताळ-ईस्टरसारखा काही मोठा दिवस नव्हता, नुसता मंगळवार होता. आज फादर बोलत होते तेव्हा मी त्या मंगळवारचा विचार करत होते. सकाळी ते पाट बघून आले होते, पेज प्यायले होते, दुपारी माझ्या हातून पाणी घेतलं होतं. त्यांचं सगळं आयुष्य अशाच मंगळवारांत गेलं आणि माळ कधी चुकली नाही. त्यांना बोलावणं यायचं तर अशाच दिवशी यायला हवं होतं, असं मला आता वाटतं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

उद्या आगमनकाळाचा पहिला रविवार. रविवारी लूकचं शुभवर्तमान वाचायचं वर्ष संपलं, उद्यापासून मत्तयचं. जांभळं कापड पेटीतून काढून उन्हात टाकलं. आगमनकाळात मेणबत्त्या लावतात त्या चक्रासाठी तीन जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या, गुलाबी अजून मिळालेली नाही. ती तिसऱ्या रविवारी लागते, तोवर पापडी गावाला चक्कर होईलच. पापनिवेदनाच्या वेळा देवळाच्या फलकावर लागल्या आहेत. मोठीची परीक्षा बघून एक संध्याकाळ ठरवायची. हे म्हणतात, नाताळच्या गडबडीआधी चाफ्याला खत घालून घेऊ. सोमवारी खताची पोती येतील.