खाऱ्या हवेतली आमची वाटचाल

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वाटेवर आमचं दुकान आहे. पाटीवर ‘मरीन इलेक्ट्रॉनिक्स’ लिहिलंय, पण बंदरात आम्हाला सगळे ‘जीपीएसवाले’ म्हणतात. सुरुवात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीने झाली. मग लाँचींवर वायरलेस आले, जीपीएस आले, मासळीचे थवे दाखवणारे फिशफाइंडर आले आणि टीव्ही मागे पडले. ती वर्षं बरी गेली, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. लिहायचंय ते सिलिकॉनच्या दिवसांबद्दल.

बंदरात एक नवा दुकानदार आला. जीपीएस, वायरलेस अशा सेटच्या झाकणाच्या सगळ्या फटी सिलिकॉनने, म्हणजे रबरासारख्या सुकणाऱ्या लुकणाने, बुजवून द्यायचा आणि म्हणायचा, “आता खुशाल पाण्यात टाका.” तासाभरात काम, पैसे आमच्या निम्मे. आमच्याकडे सेट उघडून आतला सर्किट बोर्ड बाहेर निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने त्यावरचं मीठ धुतलं जातं. मग बोर्ड आमच्या लाकडी पेटीत जातो. ही पेटी आम्हीच बनवली: आत बल्बची मंद ऊब, खाली ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा डबा. जेल निळं असेपर्यंत ठीक, गुलाबी झालं की भाजून कोरडं करायचं. बोर्ड खडखडीत वाळला की कनेक्टरवर टेप लावून कॉन्फॉर्मल कोटिंगचे, म्हणजे ओल अडवणाऱ्या पारदर्शक लेपाचे, पातळ हात, आणि शेवटी यूव्ही टॉर्चखाली एकेक पिन तपासायची, कारण कोटिंग जिथे लागलंय तिथेच चमकतं. याला दिवस लागतात. पहाटे दर्यात निघायचं असलेल्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, तेवढा दम कुठून असणार? लोक तिकडे गेले.

त्यातच २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार चक्रीवादळ आलं, त्याच्या मागोमाग महा. बोटी बंदरात अडकल्या, मोसम बुडाला, दुरुस्तीची उधारी तशीच राहिली. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. बोर्डावरचे भाग गरम हवेने काढायचं आमचं यंत्र, हॉट एअर स्टेशन, त्याला गिऱ्हाईक शोधायची वेळ आली, मुलाने पुण्यात नोकरीसाठी अर्ज केले. पण त्याहून जास्त लागलं ते पुढचं. सिलिकॉन भरलेले सेट बंद पडायला लागले आणि आमच्याच नावाने बोंब झाली, की हे सेट आधी यांच्याकडेच उघडले होते!

सेट का मेले ते सांगतो. दुपारच्या उन्हात सेट तापतो, आतली हवा बाहेर पडते. अंगावर पाणी उडालं की तो गार होतो आणि हवा आत ओढतो, बारीक फटीतून खारही येतो. फट बाहेरून बुजवली तरी वायरीच्या कडेने वाट राहतेच. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी धरतं, आणि आपल्याकडे बहुतेक रात्री हवा त्याहून दमट असते. वर १२ व्होल्ट चालू असले की पॉझिटिव्हकडचा तांब्याचा ट्रॅक झिजत जातो. आणि तो माणूस वापरत होता ते स्वस्त सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. व्हिनेगरसारखा वास येतो तो त्याचाच. बंद डबीत हे ॲसिड कोंडलं की तांबं हिरवं पडतं. आम्ही दोन बरण्यांत तांब्याच्या पट्ट्या ठेवल्या, एकीत ते सिलिकॉन, दुसरीत न्यूट्रल क्युअरवालं, म्हणजे सुकताना ॲसिड न सोडणारं, आणि बरण्या काउंटरवर मांडल्या. पहिली पट्टी हिरवी पडली, दुसरी तशीच राहिली. येणारा प्रत्येक जण बघत होता.

त्या दिवसांत एक माणूस हलला नाही. हर्णैचे एक तांडेल. वाटेत दुकानं असूनही ते सेट पिशवीत घालून इथवर येत. म्हणायचे, “माझा सेट तुम्हीच उघडायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाय.” बरण्या बघून गेले आणि पुढच्या खेपेला हर्णैच्या आणखी तिघांना घेऊन आले. तिथून गाडी पुन्हा रुळावर आली. मुलगाही इथेच राहिला.

आता त्या सिलिकॉनवाल्याच्या दुकानावर ‘कोटिंग स्पेशालिस्ट, कोकणात प्रथमच’ अशी पाटी आहे. आमचं काम किती वर्षं चालू आहे हे बंदराला ठाऊक आहे, तरी ती पाटी डोळ्यांत खुपतेच.

सेट खाऱ्या पाण्यात पडला तर चालू करून बघू नका. वायर काढा, हँडसेट असेल तर बॅटरी काढा, गोड्या पाण्याने धुवा आणि तसाच घेऊन या. तांदळात पुरल्याने मीठ आतच राहतं. सेटवर आयपी ६७ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, पाणी-धुळीपासून बचावाचा तो आकडा नव्या सेटचा, एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास एवढ्यापुरता. वायर घेताना कथील चढवलेलीच घ्या. सेटमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल. अँटेनाच्या जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. केबलच्या आतली तांब्याची जाळी काळी पडली असेल तर लखलखीत तांबं दिसेपर्यंत केबल कापा, वाचवायला जाऊ नका. आणि पावसाळी बंदीत बोट वर ओढली की लगेच सेट काढून आणा. नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी दारात रांग लागते, आणि तेव्हा लावलेलं कोटिंग सुकायला वेळच उरत नाही.