टक

पहाटे साडेतीनला पत्र्यावर थेंब वाजले आणि झोप उडाली. गोडी छाटणीचा (फळांसाठीच्या ऑक्टोबर छाटणीचा) 36 वा दिवस, निम्मी बाग फुलोऱ्यात, त्यात पाऊस. ज्यांच्या घरी द्राक्षं आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. पानावर तेलकट डाग दिसायच्या आत औषध गेलं पाहिजे, नाहीतर डाऊनी (बुरशीचा रोग) घडातच शिरतो.

साडेपाचला मी टाकीत औषध कालवून तयार, तात्या (माझे सासरे) ट्रॅक्टरवर. मिनी ट्रॅक्टर आहे, मागे 600 लिटरचा फवारणीचा ब्लोअर. किल्ली फिरवली. टक. परत फिरवली. टक. किल्ली फिरवली की हेडलाइट विझत आलेल्या निखाऱ्यासारखे लाल व्हायचे, सोडली की पुन्हा लख्ख.

"बॅटरी उतरली," तात्या म्हणाले. मलाही तेच वाटलं. हे फर्स्ट शिफ्टला सातपूरला गेलेले, म्हणजे निस्तरायचं आम्हा दोघांनाच.

शेजारच्या वस्तीवरचे भाऊ त्यांचा ट्रॅक्टर घेऊन आले. जम्पर वायर लावली, लाल लालला, काळी काळीला. टक. मग ते म्हणाले, "थांबा वहिनी, काळा चिमटा बॅटरीला नको, ठिणगी उडती. इंजिनला लावतो." इंजिनच्या लोखंडी हुकाला लावला आणि ट्रॅक्टर एका सेल्फमध्ये सुरू! सगळे खूश. चिमटा हलवल्यावरच का सुरू झाला, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दुपारी पिंपळगावहून नवी बॅटरी आणली. साडेचार हजार, त्यात जुनी मोडीत देऊन सातशे वजा. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या कोऱ्या बॅटरीवर किल्ली फिरवली.

टक.

आता मात्र डोकं ठिकाणावर आलं. भाऊंचं मत, सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) गेला, काढून मिस्त्रीकडे टाका. तात्या पीटीओचा (मागचा ब्लोअर इंजिनला जोडतो तो) दांडा पुढे-मागे करत होते, क्लच पुन्हापुन्हा दाबत होते. पण क्लच किंवा पीटीओचा सेफ्टी स्विच बसला नसता तर सेल्फला करंटच गेला नसता, टकसुद्धा वाजलं नसतं. किल्लीचा करंट सेल्फपर्यंत पोचत होता, घोडं पुढे अडत होतं.

ड्रिपच्या व्हॉल्व्हसाठी घेतलेला व्होल्ट मोजायचा मीटर घरात होता. बॅटरीच्या दोन खुंटांवर लावला: 12.7. "तात्या, मारा सेल्फ." 12.5. सेल्फ खरोखर ओढत असता तर आकडा दहा-अकरावर यायला हवा होता. दिवे मरतायत आणि बॅटरीला ओझंच जाणवत नाही, हे कसं? मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर ठेवली, लाल पिन इंजिनच्या उघड्या बोल्टवर. "मारा." 7.8! तिथे अर्धा व्होल्टही दिसायला नको. सगळा जोर इंजिनकडून बॅटरीत करंट परत आणणाऱ्या अर्थिंगच्या वायरीतच जिरत होता.

चोंदलेल्या ड्रिपच्या फिल्टरचंही असंच असतं. व्हॉल्व्ह बंद असला की घड्याळात प्रेशर पूर्ण, उघडला की शेवटच्या झाडाला थेंब नाही. दिव्यांना चार-सहा अँपिअर पुरतात, तेवढे खराब जोडातूनही जातात. सेल्फला शंभरच्या पुढे लागतात. आणि दिव्यांची अर्थिंगही त्याच वाटेने परत येते, म्हणून सेल्फ मारला की तेही मरायचे. भाऊंनी चिमटा इंजिनला लावला तेव्हा करंटला दुसरी वाट मिळाली, एवढंच.

चिखलात आडवी पडून खाली बघितलं. बॅटरीची काळी वायर चासीला (ट्रॅक्टरच्या सांगाड्याला) जिथे बोल्टने आवळलीय, तिथे मोरपंखी हिरवा थर, बोटाने चोळला तर पिठासारखा गळणारा. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार! बुरशीवर फवारतो ते एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि चुना. वर्षानुवर्षं त्याच तुषारांतून ट्रॅक्टर फिरतोय, शिवाय गंधक. त्यावर दसऱ्याला पूजेआधी मीच प्रेशर पंपाने धुतलेला. झेंडूची माळ छान दिसत होती, हे मान्य.

आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडली, नाहीतर पाना कुठे टेकला की जाळ होतो. बोल्ट गंजून बसलेला, डिझेल सोडून दहा मिनिटं थांबावं लागलं. वायरीचं टोक आणि चासीचं लोखंड पॉलिश पेपरने पांढरं होईपर्यंत घासलं, नवा वॉशर टाकून आवळलं आणि वरून व्हॅसलीन फासलं. वीस मिनिटांचं काम. मीटर धरून पुन्हा "मारा" म्हटलं.

0.2. आणि इंजिनाचा धूर थेट माझ्या तोंडावर.

मी खालून ओरडले, "तात्या, अर्थिंग होती! जुनी बॅटरी चांगली होती!"

ब्लोअर सुरू करत ते म्हणाले, "नवी बॅटरी आहे, होणारच सुरू."