माझे अठरा मार्क आणि पोरांची ज्युरी

देवगड-मालवण पट्ट्यातल्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवतो. दरवर्षी टीवायच्या एका प्रोजेक्टला आम्ही बक्षीस देतो, ५०१ रुपये आणि सर्टिफिकेट, निवडणारे अर्थात आम्हीच तिघं मास्तर. फ्रान्समध्ये १९८८ पासून अकरावी-बारावीच्या वयाची पोरं गोंकूर या तिथल्या मोठ्या साहित्य-पुरस्काराच्या यादीतल्या कादंबऱ्या वाचून आपलं वेगळं बक्षीस देतात हे कुठेतरी वाचलेलं, म्हटलं आपणही करून बघू. एफवाय-एसवायची नऊ पोरं ज्युरी म्हणून बसवली, मास्तरांनी तोंड उघडायचं नाही असं ठरलं.

निकाल मला माहीतच होता. चाकरमान्यांच्या स्थलांतरावरचा प्रोजेक्ट, ५० कुटुंबांचा सर्व्हे, रंगीत पाय चार्ट, स्पायरल बाइंडिंग, मी विसातले अठरा देऊन मोकळा झालेलो. दुसरा एका मुलीचा, रापणीच्या मासेमारीवर, हाताने लिहिलेला, शुद्धलेखनाच्या नावाने शिमगा. त्याला बारा.

पहिली फाईल उघडली आणि एसवायची एक मुलगी म्हणाली, "ह्या वाडीत पन्नास घरा खंयसून इली? माझा आजोळ थंय. मोजून बत्तीस घरा, त्यातली अकरा बंद."

मी गप्प. म्हणजे गप्प बसायचंच ठरलेलं, पण बोलायचं असतं तरी काय बोलणार होतो!

त्या पोराला बोलावलं. खाली मान घालून म्हणाला, "सरांनीच सांगितलेला, सॅम्पल पन्नासचा तरी होयो. मगे उरलेले फॉर्म मीच भरलंय." हे मी खरंच बोललेलो, वर्गात, दोनदा.

मग रापणीची फाईल. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांनी माणसांनी किनाऱ्यावर ओढायचं, हे इथल्या कुणालाही माहीत. पण या मुलीने एका सकाळचं सगळं लिहिलेलं, ओढायला किती माणसं, त्यात म्हातारे किती, तारली-बांगडा किती टोपल्या, कुणाला कसला वाटा, आणि शेवटी हात लावायला आलेल्या विधवा बाईला कालवणापुरते मासे कुणी न सांगता कसे दिले जातात. २०१६ साली पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक मासेमारीवर निर्बंध आले त्याबद्दल एकच ओळ, कारण ती म्हणे तिने स्वतः बघितलेलं नाही. हे वाचून मला जरा लाजच वाटली, बारा मार्क देताना मी पहिली चार पानंच चाळलेली.

मतं पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात टाकली. रापण सात, तिसऱ्याच एका प्रोजेक्टला दोन, पाय चार्टला भोपळा.

उठताना ती आजोळवाली त्या पोराला म्हणाली, "अरे, ती अकरा बंद घराच लिवली असतंस, कुलपा कधीपासून, गणपतीक तरी उघडतत काय, तर मी तुकाच मत दिला असता."

तो म्हणाला, "सुचलाच नाय गो."

मलाही नव्हतं सुचलं.