“दोन घाला ना मॅडम, एका खर्चात दोन्ही होतील!”

नौपाड्यातल्या एका आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) क्लिनिकच्या काउंटरवर आज एक सासूबाई. सून फाइल छातीशी धरून गप्प.

हा हिशेब डोक्यातून जात नाहीये. गर्भाशयात दोन भ्रूण सोडले म्हणून गर्भ राहण्याची शक्यता दुप्पट होत नाही, जुळ्यांची मात्र एकदम वाढते. जुळी म्हटली की 37 आठवड्यांआधी बाळंतपण, आईचं बीपी, आणि एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं, बिल. ते त्या ‘एका खर्चात’ कुणी धरत नाही. त्यात एखादा भ्रूण दुभंगला तर दोनाची तिळंही होतात.

चांगल्या ग्रेडचा ब्लास्टोसिस्ट, म्हणजे लॅबमध्ये पाचव्या दिवसापर्यंत वाढलेला भ्रूण असेल, वय पस्तिशीच्या आत असेल, तर एकच सोडावा. दुसरा उणे 196 अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून नीट राहतो. वय चाळिशीकडे झुकलंय, आधीचे प्रयत्न फसलेत, किंवा भ्रूण तिसऱ्या दिवसाचे आहेत, तिथे दोनाचा विचार होतो. तोही डॉक्टरांसोबत, काउंटरवर नव्हे.

आणि एक गोष्ट फार कमी जोडपी विचारतात. दोन भ्रूण एकाच स्ट्रॉमध्ये (भ्रूण गोठवायची बारीक नळी) गोठवले तर वितळवताना दोन्ही एकदमच बाहेर येतात, मग ‘आता आलेच आहेत तर सोडूया’ होतं. तेव्हा गोठवायच्या आधीच सांगा, एका स्ट्रॉत एकच. तुमच्या क्लिनिकने हे आपणहून सांगितलं होतं का?