पेन्शन असताना फौजीला मदत कशाला?

माजी सैनिकांसाठी ध्वजदिन निधीचे काम करताना मला सर्वांत जास्त वेळा ऐकावा लागलेला प्रश्न हाच आहे. पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, औषधपाण्याला ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, सरकारी भरतीत राखीव जागा आहेत. मग फौजीला वर लोकांच्या देणगीची गरज काय? विचारणारे वाईट मनाचे नसतात. त्यांनी गावातला निवृत्त सुभेदार पाहिलेला असतो, त्याचे बांधलेले घर पाहिलेले असते, आणि त्यावरून साऱ्यांचा हिशेब मांडलेला असतो. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, मला पेन्शन मिळते आणि या निधीतला एक रुपयाही मी घेतलेला नाही, हे आधीच सांगतो, कारण प्रश्नाचा रोख पुष्कळदा तिकडेही असतो.

जवानाला सेवेची पेन्शन लागू व्हायला पंधरा वर्षे भरावी लागतात. घरची अडचण सांगून, स्वतःच्या अर्जावर, जो नवव्या किंवा बाराव्या वर्षी परत आला त्याला पेन्शन नाही, आणि त्याच्या पश्चात त्याच्या बायकोलाही कुटुंब निवृत्तिवेतन नाही. मधल्या काळात एखादे युद्ध झाले असले, त्यात तो लढला असला, तरी नियम तोच. १९७१ च्या लढाईनंतर असे परतलेले लोक आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यातल्या हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या, पासष्टी ओलांडलेल्या, पेन्शन नसलेल्या गरजूंना आणि त्यांच्या विधवांना ध्वजदिन निधीतून जी मदत मिळते तिला आम्ही पेन्युरी ग्रँट म्हणतो. ती महिना ४,००० रुपये होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी ८,००० झाली. तुम्ही ७ डिसेंबरला छातीवर लावता त्या कागदी झेंड्याचे पैसे इथेही जातात.

वर्दीत असताना माझे मत वेगळे होते, हे लपवण्यात अर्थ नाही. नोकरी अर्धवट सोडून गेलेल्या माणसाबद्दल बराकीत फारशा प्रेमाने बोलले जात नाही, आणि मीही बोलत नसे. आम्ही मुदत पूर्ण केली, पोरांची बारशी आणि आईबापांची आजारपणे चुकवली, मग जो मध्येच घरी गेला त्याने आता हात का पसरावा, असे मला प्रामाणिकपणे वाटे. तेव्हाच्या माझ्यातल्या हवालदाराला आज मी खोडून काढू शकतो का? पूर्णपणे नाही. रेष कुठेतरी ओढावी लागते, हे त्याचे म्हणणे मला अजूनही मान्य आहे. फक्त रेषेपलीकडचा माणूस त्याने जवळून पाहिलेला नव्हता.

तो मी पाहिला आमच्याच भावकीत, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी. त्यांना सगळे नाना म्हणत. वडील गेले, धाकटी भावंडे उघड्यावर आली, म्हणून नऊ वर्षांच्या नोकरीनंतर ते परतले आणि पुढे साखर कारखान्यावर रखवालदारी करून त्यांनी ती भावंडे मार्गी लावली. त्यांचा अर्ज मी महत्प्रयासाने भरून घेतला. चौकशीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे कल्याण संघटक घरी येणार होते. त्या सकाळी नानांनी दाढी केली, इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, त्यावर पदके लावली आणि शेजारून दोन खुर्च्या मागून आणल्या. काकूंनी चहाला साखर कुठून आणली ते मला ठाऊक होते. संघटक स्वतः माजी सैनिक, त्यांनी अदबीने विचारले, "नाना, उत्पन्न काय आहे?" नाना ताठ बसून म्हणाले, "भागतंय साहेब." "अडचण काय आहे?" "काही नाही. ह्यानं उगा अर्ज केलाय." संघटकांनी पेन उघडे धरले आणि माझ्याकडे पाहिले, अडचण नाही असे लिहिले की अर्ज तिथेच संपणार होता.

तेवढ्यात काकू आतून आल्या. त्यांनी काही न बोलता एक ताटली टेबलावर ठेवली. तिच्यात रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, विळीवर कापलेल्या, अर्धी नानांची आणि अर्धी त्यांची. गोळ्या एकट्या नानांच्या नावावर लिहून दिलेल्या होत्या. काकूंनी स्वतःला कधी डॉक्टरकडे नेऊच दिले नव्हते. नानांनी ताटलीकडे पाहिले, मग काकूंकडे पाहिले, आणि सदऱ्यावरची पदके एकेक करून काढून खिशात टाकली. सही करताना मला म्हणाले, "ही भीक नव्हं ना रं?" मी म्हणालो, "नाना, हक्क आहे तुमचा."

हे वाक्य मला अजून टोचते आणि तरीही मी ते मागे घेत नाही. कागदोपत्री तो हक्क नाही. निधीतून मंजूर होणारे अनुदान आहे, अर्ज नामंजूर होऊ शकतो, आणि ते मिळवण्यासाठी माणसाला आपली गरिबी दुसऱ्यासमोर सिद्ध करून दाखवावी लागते. ज्याला उमेदीची वर्षे "कुछ तकलीफ?" या प्रश्नाला "नहीं साब" एवढेच उत्तर शिकवले, त्याच्याकडून म्हातारपणी तक्रारीची यादी मागणे मला क्रूर वाटते. पण चौकशी नको म्हणावे, तर तुमचे पैसे खऱ्या गरजूला पोचतात याची खात्री मी तुम्हाला कशी देऊ? हा पेच मला सुटलेला नाही. नानांची ग्रँट मंजूर झाली. त्या सकाळबद्दल ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत.

"मदत देण्यापेक्षा काम द्या," असेही सांगितले जाते. जरूर द्या. चाळिशीच्या आत-बाहेर घरी आलेल्या जवानाला राज्याच्या गट क आणि गट ड पदांत पंधरा टक्के आरक्षण आहे, पण परीक्षा द्यावीच लागते, आणि खासगी कंपनीत त्याच्या सिग्नलमधल्या, म्हणजे संदेशवहनातल्या, किंवा वर्कशॉपमधल्या कामाची विचारपूस न करता त्याला थेट गेटवर उभे केले जाते. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून अपंग सैनिकांना नवा धंदा शिकवते. तिलाही देणग्यांचा आधार लागतो. आणि २०२२ नंतर भरती झालेल्या अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्केच चार वर्षांनंतर कायम होणार आहेत. बाकीचे सेवानिधीची एकरकमी रक्कम घेऊन, पेन्शनशिवाय, पंचविशीच्या आसपास परत येतील. त्यांचे हात चालते आहेत तोवर त्यांना काम हवे, आणि ते तुमच्याच कारखान्यांत, दुकानांत आणि कार्यालयांत आहे.

हे सगळे सरकारनेच का करू नये, असे तुम्ही म्हणाल, तर मी तुमच्याशी भांडणार नाही; मलाही तेच वाटते. पण पासष्टी ओलांडलेल्या माणसाला मी धोरण बदलेपर्यंत थांबायला सांगू शकत नाही. पैसे द्यायचे असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या आणि पावती घ्या. पैसे द्यायचे नसतील, तर तुमच्या गावात डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटल्याचा दाखला, ट्रंकेत ठेवून गप्प बसलेला कुणी आहे का, ते पाहा, आणि अर्ज भरायला त्याच्यासोबत जा. चौकशीच्या दिवशी त्याच्या बायकोलाही त्याच्या शेजारी बसवा.