गुन्हा नको, झोप सांग

गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहात नवा मुलगा आला की आधीची मुलं त्याला नाव नंतर विचारतात, आधी कलम विचारतात. ‘कितीवाला तू?’ १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं ३०२ जाऊन १०३ झालं, चोरीचं ३७९ जाऊन ३०३ झालं, तरी आमच्या हॉलमध्ये अजून जुनेच आकडे चालतात. वस्तीवर, मोठ्या भावांच्या तोंडून, सिनेमात ऐकलेले ते आकडे मुलांच्या जिभेवर बसलेत. नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांत मीही हेच करत होते. टेबलावर फाइल यायची, मी आधी कलम वाचायचे आणि मग समोर बसलेल्या पोराच्या तोंडाकडे बघायचे.

मी मानसशास्त्रात एम.ए. केलंय आणि गेली सहा वर्षं मराठवाड्यातल्या एका निरीक्षणगृहात कंत्राटी समुपदेशक आहे. लोक या जागेला अजूनही रिमांड होमच म्हणतात. मुंबईत आया पोरांना ‘डोंगरीला टाकीन’ म्हणून दटावतात, आमच्याकडे ‘रिमांडला घालीन’. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलांवर शिक्का मारणारे शब्द वापरू नका असं तत्त्वच घालून दिलंय. आमच्या कागदांवर म्हणून ‘आरोपी’ नसतो, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतं. मुलं मात्र सरळ ‘जेल’ म्हणतात. दाराला कुलूप बाहेरून लागतं, तेव्हा त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

पुढे ज्या मुलांबद्दल लिहिते आहे त्यांची वयं आणि प्रकरणांचे तपशील बदलले आहेत. अशा मुलाची ओळख उघड करणं कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. तो नसता तरी मी ती उघड केली नसती.

मला बसायला मिळालेली खोली अर्धी कोठीची होती. एका बाजूला गव्हाची पोती, तेलाचे डबे, दुसऱ्या बाजूला माझं टेबल. मुलगा आत आला की काळजीवाहक काका दारातच उभे राहायचे, कारण मागे एकदा कोणीतरी पळालं होतं. काका दारात असताना मुलगा ‘बरंय’, ‘हो’, ‘नाही’ याच्यापुढे जात नसे. दार लोटून घ्यायचं, पण खिडकीतून दोघं दिसतील अशा खुर्च्या मांडायच्या, एवढ्या साध्या गोष्टीसाठी मला तीन महिने अधीक्षकांच्या मागे लागावं लागलं. मी इथे मिळवलेलं सगळ्यात मोलाचं साधन ते लोटलेलं दार आहे असं मला आजही वाटतं.

पहिल्या दोनतीन रात्री सगळ्यात वाईट. हॉलमधला दिवा रात्रभर चालू असतो, शेजारी अनोळखी पोरं, आणि डोक्यात एकच: आईला कळलं का, आई काय म्हणाली. काही मुलांना त्यात नशेसाठी व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्युशन हुंगायची सवय असते. ते अचानक बंद झालं की पोरगं चिडतं, डोकं धरून बसतं, ताट भिरकावतं. तो ‘माज’ नसतो. सुरुवातीला मी अशा मुलाशी गप्पा मारायला बसायचे. आता आधी डॉक्टरांना बोलावते. अंग थाऱ्यावर नसताना मनाशी बोलण्यात अर्थ नाही.

हातावर ब्लेडचे व्रण असलेली मुलं बरीच येतात. कोपरापासून मनगटापर्यंत आडव्या रेघा, काही जुन्या पांढऱ्या, काही ताज्या. कर्मचारी म्हणतात, नाटक आहे, लक्ष वेधून घेतोय. एका मुलाला मी विचारलं, रेघ मारल्यावर काय होतं? तो म्हणाला, ‘डोकं शांत होतं.’ लक्ष वेधायचं असतं तर त्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला नसता. त्या दिवसापासून मी ‘नाटक’ हा शब्द माझ्यासमोर कोणाला वापरू देत नाही, मग समोरचा रागावला तरी चालेल.

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगून उपयोग नाही.

माझं दुसरं वर्ष. सोळा पूर्ण झालेला एक मुलगा. भांडणात एक जण जिवानिशी गेला होता. हा आला तेव्हा महिनाभर कोणाशी बोलत नव्हता. मी रोज त्याच्याबरोबर कॅरम खेळायचे. समोरासमोर खुर्चीत बसवलं की मुलं गोठतात. कॅरमवर डोळे सोंगट्यांवर असतात, हात कामात असतो आणि बोलणं आपोआप सुटतं. पाचव्या आठवड्यात तो बोलला. भांडणाच्या दोन दिवस आधीपासून त्याच्या मनात काय चाललं होतं, ते सगळं. मी फार हलले. आणि त्या संध्याकाळी, कॉलेजात शिकवलं होतं तसं, सत्राची नोंद नीट, सविस्तर, त्याच्याच शब्दांत लिहिली. ती नोंद वैयक्तिक देखभाल आराखड्याच्या कागदांबरोबर त्याच्या फाइलला लागली.

सोळा ते अठरा वयाच्या मुलावर ‘घृणास्पद’ गुन्ह्याचा, म्हणजे ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे अशा गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाला कलम १५ प्रमाणे प्राथमिक मूल्यांकन करावं लागतं. मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि ज्या परिस्थितीत ते घडलं असं म्हणतात ती परिस्थिती, एवढं त्यात बघायचं. त्यावरून प्रकरण मंडळाकडेच राहायचं की मोठ्यांसारखा खटला चालवायला बाल न्यायालयाकडे जायचं ते ठरतं. म्हणजे एका मुलाच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं वळण तिथे असतं.

त्या मुलाच्या मूल्यांकनाच्या तारखेला माझी नोंद वाचली गेली. मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन समाजकार्यकर्ते असतात. त्या खोलीत पिंजरा नाही, उंच चौथरा नाही, सगळे एका टेबलाशी. त्यामुळे मुलगा माझ्यापासून चार हातांवर होता. ‘दोन दिवसांपासून मनात होतं’ हे वाक्य मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी गोष्ट माहीतच होती, आता नक्की झाली, असं.

त्यानंतर सहा आठवडे तो माझ्या खोलीत आला नाही. कॅरमचा बोर्ड मी हॉलमध्ये नेला तर उठून दुसरीकडे गेला. त्याचं प्रकरण पुढे बाल न्यायालयात गेलं. माझ्या त्या ओळीमुळे गेलं असं मी म्हणू शकत नाही. तिच्यामुळे गेलं नाही, असंही म्हणू शकत नाही.

मग मी कायदा पुन्हा काढून वाचला, यावेळी परीक्षेसाठी नाही. कलम १५ च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की हे मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे. मुलाने ते केलं की नाही हा तिथे प्रश्नच नाही. म्हणजे मी नोंदीत जे लिहिलं ते तिथे कोणाला हवंच नसायला पाहिजे होतं, आणि ते पोचवणारी मीच होते. मुलाला धीर देणारी आणि मुलाला मोजणारी व्यक्ती एकच असता कामा नये, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. २०२२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मंडळात बालमानसशास्त्राची किंवा बालमानसोपचाराची पदवी असलेली, त्या क्षेत्रात काम करणारी व्यक्ती नसेल, तर मूल्यांकनासाठी अनुभवी मानसशास्त्रज्ञ, मनोसामाजिक कार्यकर्ते अशा तज्ज्ञांची मदत घ्यावीच लागेल. ते वाचून बरं वाटलं. पण जिल्ह्याच्या ठिकाणी असा माणूस शोधायचा म्हटलं की सगळ्यांचं बोट पहिलं माझ्याकडेच वळतं. ‘मॅडम, तुम्ही त्याला ओळखता, तुम्हीच लिहा ना.’ मी ओळखते म्हणूनच लिहू शकत नाही, हे मी प्रत्येक वेळी लेखी कळवते. दोनदा त्यावरून वाजलंय. एकदा माझ्या कंत्राटाच्या नूतनीकरणाचा विषयही काढला गेला. मी पत्र मागे घेतलं नाही.

त्या घटनेनंतर माझं पहिलं सत्र बदललं. आता मुलगा बसला की मी आधी स्वतः बोलते. सांगते: इथे तू गुन्ह्याबद्दल मला काही सांगायचं नाहीस. केलंस, नाही केलंस, कोण होतं, काही नको. ते तुझ्या वकिलाशी बोल. मला झोप सांग, जेवण सांग, छातीत धडधडतं का ते सांग, घरचं कोण आठवतं ते सांग. आणि तीन गोष्टी मी पोटात ठेवणार नाही: तू स्वतःला काही करणार असशील, दुसऱ्याला करणार असशील, किंवा तुला कोणी काही करत असेल किंवा केलं असेल. या तीन मी पुढे सांगणार, आणि सांगण्याआधी तुला सांगून सांगणार.

यातली तिसरी गोष्ट बोलायला सोपी आणि निभावायला फार अवघड आहे. लहानपणी कोणीतरी लैंगिक अत्याचार केल्याचं या मुलांपैकी काही जण सांगतात, कधी सहज, नखं कुरतडत. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं मला बंधनकारक आहे. आधी सीमा सांगितलेली असल्यामुळे मुलाला निदान आपण फसवले गेलो असं वाटत नाही. काही मुलं ती सीमा ऐकून गप्प राहणं पसंत करतात हेही खरं. त्यांच्या त्या गप्प राहण्याचं ओझं मी घरी नेते.

पॉक्सोवरूनच आठवलं. सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याच वयाची मुलगी पळून जातात, चार दिवसांनी पुण्यात सापडतात, मुलीच्या घरचे तक्रार देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पॉक्सोतल्या, लैंगिक संबंधाबद्दलच्या कलम ४ ची किमान शिक्षा दहा वर्षं झाली, म्हणजे हा मुलगाही ‘घृणास्पद’च्या रकान्यात. हे पोर रडतं ते तुरुंगाच्या भीतीने नाही. तिला मारलं असेल का, एवढंच विचारत राहतं. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नसतं.

गेल्या हिवाळ्यात पंधरा वर्षांचा एक मुलगा आला. मोटारसायकल चोरीचं प्रकरण. पहिल्याच आठवड्यात मंडळ जामीन द्यायला तयार होतं, पण न्यायला कोणी नव्हतं. आईबाप दिवाळीनंतर टोळीबरोबर सांगलीकडे ऊसतोडीला गेलेले. घरी आजी आणि दोन लहान भावंडं. आजी एकदा आली, माझ्या टेबलाशी बसून पदराने डोळे पुसत म्हणाली, ‘मला तो आवरत नाही बाई. आई येईस्तोवर राहू द्या.’ आईला फोन लावला तर मागून ट्रॅक्टरचा आवाज. ‘मॅडम, खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. उचल फिटली नाही. कशी येऊ?’ बाई रडली नाही. हिशोब सांगत होती.

हे आमच्याकडे दर हंगामात होतं. कारखाने चालू असतात तोवर काही मुलं फक्त घरचं माणूस नाही म्हणून आत राहतात. पालकच हवेत असं कायदा म्हणत नाही. परिविक्षा अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली किंवा योग्य व्यक्तीच्या ताब्यात देता येतं. पण अशी योग्य व्यक्ती गावात शोधायला जाणार कोण? आमच्याकडे परिविक्षा अधिकारी एकच, आणि त्यांच्याकडे तीन तालुके. मी स्वतः त्याच्या शाळेच्या मास्तरांना भेटले. ते चांगले होते, पण घरात मुली आहेत म्हणाले.

त्या मुलाला झोप नव्हती. रात्री तीनला उठून खिडकीपाशी बसायचा. मी त्याला श्वास मोजायला शिकवलं, भिंतीला पाठ टेकवून तळपाय फरशीवर दाबून बसायला शिकवलं. त्याने त्यात आपलं घातलं. तो ऊस मोजायचा. डोळे मिटून एक एक मोळी बांधायची, वाढं बाजूला, मोळी गाडीवर. सात वर्षांचा असल्यापासून तो फडात गेलेला, त्यामुळे त्याला ते सगळं दिसायचं. ‘चाळीस मोळ्यांत झोप लागली मॅडम,’ एका सकाळी त्याने सांगितलं. आमच्या कुठल्याच पुस्तकात हे नाही. पुढे हॉलमधली आणखी दोन मुलं मोळ्या बांधायला लागली.

आई मार्चअखेर आली. पट्टा पडला होता, म्हणजे त्या कारखान्याचा हंगाम संपला होता. हातांना चिरा पडलेल्या, कपाळाला उन्हाची काळी पट्टी. भेटीच्या बाकावर ती आणि तो दोघं बराच वेळ काही न बोलता बसले. मग तिने पिशवीतून गुळाची ढेप काढली आणि त्याच्यासमोर धरली.

निघताना मी त्याला एका चिठ्ठीवर १४४१६ लिहून दिला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, चोवीस तास, फुकट. मराठीत बोलता येतं हे दोनदा सांगितलं. त्याने चिठ्ठी खिशात ठेवली आणि टेबलावरच्या वहीकडे बोट केलं.

‘त्यात माझं समदं लिवलंय का?’

मी त्याचं पान उघडून वही त्याच्याकडे फिरवली. तो सावकाश, अक्षर अक्षर लावत वाचत होता आणि आई त्याच्या खांद्यावरून बघत होती. झोप, तीनपर्यंत नाही. भूक, दोन चपात्या. आईचा फोन, चार मिनिटं. कॅरम, राणी घेतली. मोळ्या, चाळीस.

‘राणी दोनदा घेतली हुती,’ तो म्हणाला.

मी पेन पुढे केलं. त्याने ‘राणी’च्या पुढे दोनचा आकडा काढला आणि आईची पिशवी उचलली.